मोकळी हो, पण आमच्याच पट्टीत

"तू मोकळी होत नाहीस गं. जरा मोकळी हो!"

गेल्या तीन वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते माझ्या गुणपत्रिकेवर छापून मिळाले तरी आश्चर्य वाटणार नाही. मी नाट्य आणि नृत्य शिकते, पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. राहते डोंबिवलीला. तालमी बहुतेक ठाण्याला, कधी कल्याणला. सकाळी कॉलेज, संध्याकाळी तालीम आणि मधल्या वेळात लोकल, असे माझे आयुष्य आहे. ते मी माझ्या आवडीने निवडले आहे, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढचे वाचून कुणी "बघा, म्हणूनच मुलींना नाचात घालू नये" असे म्हणायला लागले तर त्यांच्याशीही मला भांडायचे आहे.

तो रविवार होता. ठाण्यातल्या एका शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल. ज्याला आता सगळे कन्टेम्पररी म्हणतात त्या समकालीन नृत्याची एक रचना बसत होती. विषय होता स्त्रीवरील अत्याचार. मध्ये एक मुलगी, भोवती पाच मुलगे. ते तिला ओढतात, फेकतात, झेलतात, उचलतात आणि पुन्हा फेकतात. ती मुलगी मी होते. पहिल्या दिवशी सगळे मोजून बसवले होते, एक ते आठ आणि पुन्हा एक ते आठ. दुसऱ्या दिवशी मोजणे बंद झाले आणि पाचही मुलांना सांगण्यात आले, "आता विचार करायचा नाही. सुचेल तसं हँडल करा तिला." हँडल! तिसऱ्या फेरीत एका मुलाचा हात जिथे पडायला नको तिथे पडला. त्याने तो मुद्दाम टाकला असे मी म्हणत नाही. तो बिचारा माझ्याइतकाच गोंधळला होता, नंतर चार दिवस माझ्याकडे बघत नव्हता. मी थांबले आणि म्हणाले, "दादा, कुणाचा हात कुठे, हे ठरवून घेऊ या का?"

"ठरवलं की मरतं ते. क्षण जगायचा असतो. तू मोकळी होत नाहीस हा तुझा प्रॉब्लेम आहे. डोंबिवली घरी ठेवून येत जा."

सगळे हसले. मीही हसले, आणि याचाच मला आजवर सर्वांत जास्त राग येतो. पुढच्या रविवारी माझ्या जागी दुसरी मुलगी उभी होती. प्रयोग झाला, टाळ्या पडल्या, परीक्षकांनी रचनेला 'धाडसी' म्हटले. अत्याचाराविरुद्धची रचना होती ना ती!

नृत्य बसवणाऱ्याला आम्ही दादा म्हणतो, हेही जरा बघू या. आमच्याकडे सर म्हटले की अंतर येते, नुसते नाव घेतले की उद्धटपणा होतो, म्हणून दादा. शिकवणारी बाई असेल तर ताई. ऐकायला किती घरगुती! पण एकदा दादा म्हटले की तक्रार करायची सोय उरत नाही. दादाविरुद्ध तक्रार म्हणजे घरातल्या माणसाविरुद्ध तक्रार. मग समजूत काढायला बाकीचे येतात, "अगं, दादा तसा नाहीये." तो कसा आहे हे मी विचारलेच नव्हते. हात कुठे ठेवायचे एवढेच विचारले होते.

आता त्या 'ठरवलं की मरतं' या वाक्याकडे येते. मी बारा वर्षे कथक शिकले आहे. डोंबिवलीत आमच्या घरापासून पाच मिनिटांवर, एका इमारतीच्या तळमजल्यावर. कथकात तिहाई असते. एकच बोल तीनदा येतो आणि शेवटचा 'धा' बरोबर समेवर पडतो. मात्रा न् मात्रा ठरलेली, महिनोन् महिने घोटलेली. तरी तो 'धा' पडतो तेव्हा समोर बसलेल्या माणसाची मान आपोआप हलते. ती तिहाई मेलेली असते का? ऐतिहासिक नाटकात तलवारबाजी असते. तिचा प्रत्येक वार मोजून बसवतात, कारण नाही बसवला तर कुणाचा तरी डोळा जाईल. तिथे 'क्षण जगा' असे कुणी म्हणत नाही. म्हणजे डोळा जाणार असेल तर ठरवायचे, आणि मुलीचा जीव घुसमटणार असेल तर मात्र क्षण जगायचा.

आणि यात त्या नृत्यशैलीचा काहीही दोष नाही. दोन देह एकमेकांवर भार टाकून, एकमेकांच्या तोलातून हालचाल शोधतात असा एक प्रकार १९७२ साली अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन यांनी सुरू केला. कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन म्हणतात त्याला. आमच्याकडे 'सुचेल तसं' च्या समर्थनार्थ याचेच नाव घेतात. पण समोरच्याच्या वजनाचे, श्वासाचे आणि तयारीचे सतत भान ठेवायचे, हा त्या प्रकाराचा पाया आहे. ते भान सुटले की त्याला नृत्य म्हणत नाहीत, धक्काबुक्की म्हणतात. मला हे कळले ते करून. पहिल्या वर्षाला जेव्हा एका मैत्रिणीच्या पाठीवर पाठ टेकवून मी पूर्ण भार सोडला तेव्हा मला रडू आले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणावर तरी अंग टाकून दिले होते आणि ते कुणी पाडले नव्हते.

समकालीन नृत्याने मला काय दिले हेही लिहायला हवे, नाहीतर मी खोटी ठरेन. कथकात आम्ही ताठ उभ्या राहतो, कणा सरळ आणि नजर समोर. इथे मला पडायला शिकवले. जमिनीवर लोळायला, पाय फाकून बसायला, घामेजलेल्या अंगाने फरशीवर उताणे पडून छताकडे बघायला. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत वाढलेल्या मुलीला हे केवढे आहे, ते ज्या मुली 'पाय जवळ घेऊन बस' ऐकत मोठ्या झाल्या त्यांना सांगायला नको. म्हणूनच मला राग येतो. माझ्या हाती आलेली ही गोष्ट 'मोकळी हो' या दोन शब्दांनी पुन्हा त्यांची होते. मोकळे व्हायचे माझे, आणि मी किती मोकळी झाले हे ठरवणार ते. मुलांना हे कधीच सांगत नाहीत हे लक्षात घ्या. मुलांना सांगतात, "जोर लाव", "उंच उडी घे", "श्वास धर". त्यांना तंत्र सांगतात आणि आमचा स्वभाव काढतात.

'मोकळी हो' हे आज म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी याच रंगभूमीने नेमके उलटे म्हटले होते. माझी ये-जा ज्या तीन नाट्यगृहांत असते त्यांची नावे बघा. ठाण्याला मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. राम गणेश गडकरींनी सिंधू लिहिली, दारुड्या नवऱ्यापायी मरेपर्यंत सोसणारी. १९१९ साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आले तेव्हा ती सिंधू कुणा बाईने केली नाही, ती बालगंधर्वांनी केली. त्यांच्या गळ्यापुढे मी हात जोडते, त्याबद्दल वाद नाही. पण सोसावे कसे, लाजावे कसे, पदर कसा घ्यावा, हे महाराष्ट्रातल्या बायका एका पुरुषाकडे बघून शिकल्या. त्यांच्यासारखे शालू नेसल्या, त्यांच्यासारखी फुले माळली. १८८० च्या 'शाकुंतल'पासून पुढची पन्नासेक वर्षे संगीत रंगभूमीवरची गाजलेली नायिका बहुतेक पुरुषच होता. बायकांच्या नाटक मंडळ्या नव्हत्या असे नाही. होत्या, पण त्यांतल्या बायका कलावंतिणींच्या घरातल्या. 'सभ्य' घरांनी त्यांचे गाणे ऐकले आणि त्यांना इतिहासात जागा देताना हात आखडता घेतला.

मग १ जुलै १९३३ ला 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' केले. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक उभ्या राहिल्या आणि स्त्रीची भूमिका स्त्रीने करायची वाट प्रतिष्ठितांसाठी उघडली. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचे, विषय नीतीचा. लग्नाआधी मुलीने जसे असावे अशी अपेक्षा, तसेच मुलानेही का असू नये? असे नाटक निवडून सुरुवात झाली याचे मला अजूनही अप्रूप वाटते. पण 'बाई रंगमंचावर आली' ही तारीख १९३३ लिहितो तेव्हा आपण कुणाला खोडतो आहोत? पवळा हिवरगावकर त्याच्या कितीतरी आधी तमाशाच्या फडात नाचून गाजली होती. आणि पुढच्या काळातल्या विठाबाई नारायणगावकर! बाळंतपणाच्या कळा सुरू असताना त्या बोर्डावर होत्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, असे सांगतात. ही गोष्ट आमच्या वर्गात सांगितली की सगळे भारावतात. मला दरवेळी वाटते, अरे, त्या बाईला त्या रात्री सुट्टी का नव्हती, हे कुणीतरी विचारा ना! राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला तिचा, आणि शेवटचे दिवस हलाखीत गेले.

घरंदाज बाई मंचावर आली की ती क्रांती, आणि मांग, महार, कोल्हाटी घरातली बाई पिढ्यान् पिढ्या नाचली की तो धंदा. मी कुठल्या बाजूला उभी आहे ते मला ठाऊक आहे. आडनाव विचारल्यावर मला कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. मी लावणी केली तर तिला 'लोककलेचा अभ्यास' म्हणतात. जिच्या घरात लावणी आहे तिला कुणी अभ्यासक म्हणत नाही.

ही रेघ जुनी झाली असे कुणाला वाटत असेल तर २००५ साल आठवा. महाराष्ट्र सरकारने मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब ही कलमे घातली. एकाने बारमधला नाच बंद केला, दुसऱ्याने सवलत दिली. सवलत कुणाला? नाट्यगृहांना, सभागृहांना, सदस्यांपुरत्या जिमखान्यांना आणि तीन तारे किंवा त्याहून वरच्या हॉटेलांना. तेच गाणे, तीच कंबर; फक्त बघणाऱ्याचा खिसा वेगळा. हजारो बायकांची रोजीरोटी गेली. त्यांतल्या कितीतरी परंपरेने नाचणाऱ्या जमातींतल्या होत्या. आपल्या चळवळीतही तेव्हा दोन तट पडले होते, हे त्या वेळच्या मैत्रिणींना आठवत असेल. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली आणि १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. समानतेचा हक्क आणि व्यवसायाचा हक्क, दोन्ही मुद्द्यांवर. सरकारने पुन्हा दुरुस्ती केली, २०१६ मध्ये नवा कायदा आणला, त्यातल्या बऱ्याच अटी २०१९ मध्ये पुन्हा कोर्टात पडल्या.

ते कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा 'नाट्यगृह' या शब्दावर अडखळले. म्हणजे मी ज्या मंचावर नाचते तो मंच वगळला होता, म्हणून मी कलावंत. स्टेशनबाहेरच्या बारमध्ये माझ्याच वयाची मुलगी नाचली तर ती गुन्हेगार. माझे संरक्षण माझ्या कलेने मला मिळवून दिले नव्हते, ते पत्त्याने मिळाले होते. आणि पत्त्याने मिळालेले संरक्षण हॉलचे दार लागले की किती उरते, ते मी त्या रविवारी पाहिले होते.

आता गाण्याकडे येते, कारण तिथे हाच प्रकार स्वरात होतो.

मागच्या वर्षी आम्ही स्पर्धेसाठी संगीत नाटक बसवले. चौदा गाणी, पेटी, तबला, ढोलकी, एक कीबोर्ड. मी कोरसमध्ये होते आणि दोन प्रवेशांत बोलणारी बाई. संगीत देणारा मुलगाच नायक होता, म्हणून सगळी गाणी त्याच्या पट्टीत बसली, काळी एक. आम्हा मुलींची पट्टी साधारण काळी चार किंवा पाच. ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नायकाच्या पट्टीत आम्ही खाली गेलो तर आवाज निघत नाही, वर गेलो तर तारसप्तकात गळा फाटतो. तीन आठवड्यांत दोघींचे घसे बसले. मग टिप्पणी आली, "मुलींचा आवाज लागत नाहीये, रियाज वाढवा." रियाज! मी म्हणाले, पट्टी बदलू या की. कीबोर्डवर त्यासाठी एक बटण असते, ते दाबायला एक सेकंद लागतो. "गाण्याचा रंग जाईल," असे उत्तर आले. शेवटी एका गाण्याची पट्टी बदलली. ते गाणे प्रयोगात सगळ्यांत जास्त उचलले गेले, पण तो योगायोग ठरला.

चौदा गाण्यांत बाईने एकटीने म्हणायची दोन होती, एक अंगाई आणि एक लावणी. पाळण्याशी किंवा बैठकीत, या दोन जागांच्या मधे बाईला गाण्यासारखे काहीच नसते का? 'संगीत देवबाभळी' आले २०१७ मध्ये. मंचावर दोनच बायका, आवली आणि रखुमाई, आणि अख्खे नाटक त्या दोघी पेलतात, गातात. लोकांनी ते डोक्यावर घेतले. त्याच्या कितीतरी आधी, १९८३ मध्ये, स्त्री मुक्ती संघटनेचे 'मुलगी झाली हो' आले होते. ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेले, गाण्यांनी भरलेले, नोकरी-संसार सांभाळून नाटक करणाऱ्या बायकांनी गावोगाव नेलेले. ते कुठल्या पट्टीत गायचे हे त्या बायकांनी आपापल्या गळ्याकडे बघून ठरवले असणार, तिथे नायकच नव्हता. आमच्या अभ्यासक्रमात संगीत नाटकाच्या इतिहासाचा एक मोठा भाग आहे. त्यात हे नाटक नाही.

घसा सोडा. तालीम सुटते पावणेअकराला. ठाणे स्टेशनात येईपर्यंत अकरा. बायकांच्या डब्यात तेव्हा आम्ही चौघी, एक नर्स, दोन फुलवाल्या आणि दाराशी एक पोलीस. आणि तालीम संपल्यावर मुलगे जातात कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला. नाटकातले खरे निर्णय त्या टपरीवर होतात. पुढची एकांकिका कोणती, दिग्दर्शन कुणी करायचे, प्रकाशयोजना कुणाकडे, पैसे कुठून आणायचे. त्या वेळी आमची गाडी दिवा ओलांडत असते. दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगितले जाते, "अगं काल असं ठरलं." कुणी? कुणीच नाही, असंच ठरलं. मग वर्षाअखेरीस कुणीतरी लेख लिहितो की मुली दिग्दर्शनाकडे का वळत नाहीत.

एका नाट्यगृहात आमचा प्रयोग होता. रंगपटात बायकांसाठी एक संडास, त्याला कडी नाही. सोळा मुली. एकीने आत जायचे, दुसरीने दार धरून उभे राहायचे. नऊवारी नेसलेल्या मुलीने दुपारी तीनपासून पाणीच प्यायले नाही. हे रडगाणे वाटेल कुणाला. केरळात २०१७ साली चित्रपटसृष्टीतल्या बायकांची स्थिती तपासायला न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली गेली, तिचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांपुढे आला. लैंगिक छळाबरोबरच संडास आणि कपडे बदलायची जागा नसणे, हेही त्यात नोंदवले आहे. न्यायमूर्तींना ते नोंदवण्याजोगे वाटले. मराठी नाटकांच्या तालमींचे हॉल, रंगपट आणि दौऱ्यांच्या बसगाड्या अशाच कुणीतरी तपासायला हव्यात, ही मागणी आपण का करू नये?

घरी हे सगळे सांगितले तेव्हा आजी काय म्हणाली ते लिहिते. आजी नाट्यपदे सुरेख म्हणते, भजनी मंडळात तिचाच आवाज पुढे असतो. लग्नाआधी कल्याणला असताना गणेशोत्सवात 'सौभद्र' व्हायचे होते, तिची निवड झाली होती, आणि तिच्या वडिलांनी पेटीमास्तरांना दारातून परत पाठवले. ती म्हणाली, "आम्हाला कुणी मोकळी हो म्हणालं नाही गं जन्मात. तुला म्हणतायत तर तू रडतेस." मला उत्तर देता आले नाही. अजूनही नीट देता येत नाही. एवढेच कळते की तिला घरात ठेवणारा आणि मला 'सुचेल तसं हँडल' करायला सांगणारा, दोघांनाही ती किंवा मी काय म्हणते ते ऐकून घ्यायचे नव्हते.

आईने वेगळे केले. तिने विचारले, "सोडतेस का?" मी नाही म्हणाले. मग ती म्हणाली, "तर मग भांड. पण डबा वेळेवर खा." आई सकाळची आठची गाडी पंचवीस वर्षे पकडते आहे. भांडण आणि डबा या दोन गोष्टी एकत्र करता येतात हे तिला ठाऊक आहे.

नातेवाइकांचे उत्तर सोपे होते, "म्हणून आम्ही म्हणत होतो." त्यांना माझा प्रश्न आहे, रस्त्यावर छेड काढतात म्हणून मुलींनी चालणे सोडावे का? पुरोगामी सिनियरांचे उत्तर जास्त बोचले. "तुझ्यातला मध्यमवर्गीय संकोच बोलतोय." जणू कुणाचा हात कुठे पडावा हे विचारणे म्हणजे सोवळे पाळणे! माझ्या अंगाला हात लागू नये असे मी म्हटलेच नव्हते. मी उचलून घ्यायला, फेकून द्यायला, पाचही जणांच्या खांद्यावरून फिरायला तयार होते. ते बसवा, एवढेच म्हणत होते. परदेशी रंगभूमीवर आणि पडद्यावर २०१७ नंतर अशा प्रसंगांसाठी स्वतंत्र माणूस नेमायची पद्धत रुळत गेली. इंटिमसी कोऑर्डिनेटर म्हणतात. कोण कुठे स्पर्श करणार हे आधी ठरते, लिहिले जाते, आणि कुणालाही थांबा म्हणता येते. त्याने तिकडची नाटके मेली नाहीत.

पण मला सर्वांत जास्त लागले ते आपल्याच एका कार्यकर्त्या ताईंचे बोलणे. एका शिबिरात मी हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मुळात देह दाखवून कसली मुक्ती? पथनाट्य कर, नाच कशाला?" ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, हे माझ्या पणजोबांचे वाक्य आहे. चंद्रलेखा ठाऊक आहेत तुम्हाला? १९२८ साली वाड्याला जन्मलेल्या, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातल्याच. भरतनाट्यम शिकल्या, नाव मिळवले, मग त्यातले देवळातले गोडगोडपण नकोसे झाले म्हणून कितीतरी वर्षे मंच सोडून दिला. त्या काळात स्त्री चळवळीत काम केले, पोस्टर केली. १९८५ मध्ये 'अंगिका' घेऊन परत आल्या, भरतनाट्यमसोबत योग आणि कळरीपयट्टु घेऊन. १९९१ च्या 'श्री' मध्ये पाठी वाकलेल्या बायका दिसतात, कण्यातून मोडलेल्या, आणि त्याच पुढे ताठ होत जातात. ते भाषणात सांगता आले असते का? बाईच्या पाठीचे काय झाले आहे ते पाठच सांगू शकते. देह मंचावर आणायचा की नाही हा वाद मला नको आहे. तो कसा आणायचा हे ठरवताना माझे मत मोजले जाते की नाही, एवढाच माझा वाद आहे.

तर आम्ही काय केले ते सांगते. सात मुली आणि दोन मुलगे बसलो आणि एक पान लिहिले. त्या दोघांपैकी एक, ज्याचा हात पडला होता तो. त्याने स्वतःहून विचारले, "मीही सही करू का?" पानावर फार काही नाही. उचलणे-झेलणे मोजून बसवायचे आणि प्रयोगापर्यंत तसेच ठेवायचे. 'थांबा' म्हटले की थांबायचे, कारण नंतर विचारायचे. गाणे जो गाणार त्याच्या गळ्याची पट्टी. तालीम साडेनऊला संपवायची. टपरीवर ठरलेले दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पुन्हा ठरवायचे. आणि शेवटी तक्रार समितीतल्या मॅडमचे नाव आणि फोन नंबर भिंतीवर लावायचा. ती समिती कॉलेजात होती, आम्हाला कुणी सांगितले नव्हते. १९९७ चा विशाखा निकाल, २०१३ चा कायदा, २०१५ चे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम, ज्यांत विद्यार्थिनीही येतात, हे सगळे आम्ही एका वकील मैत्रिणीकडून समजून घेतले. २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागांच्या व्याख्येत मनोरंजनाचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या नाटक मंडळीत दहा माणसेही नाहीत, तिच्याविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते, हे लक्षात ठेवा. मी ठेवले नव्हते.

दोघींनी सही केली नाही. त्यांतली एक, जी माझ्या जागी उभी राहिली होती ती. तिने मला जिन्यात गाठले. "मला चालत होतं ते. तू माझ्या वतीने का बोलतेस? तुझ्यामुळे आता लोक मला कशी मुलगी म्हणून बघतात माहितेय?" मी म्हणाले, तुला चालते तर तुझे तसेच ठरवू, फक्त ठरवू. ती म्हणाली, "तुला रोल परत हवाय, एवढंच आहे." त्यात थोडे खरेही होते. तो रोल मला हवाच होता, मी तो चांगला केला असता. आम्ही दोघी अजून एकाच गाडीने येतो, बोलत नाही.

दादाने पान वाचले आणि म्हणाला, "सरकारी कचेरी केलीत तालमीची." पण फाडले नाही. भिंतीवर आहे. कुणीतरी त्यावर पेनाने 'मोकळ्या मुलींचा ठराव' असे लिहिले आहे. ते आम्ही पुसलेले नाही, वाचायला बरेच वाटते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत अशा हॉलमधून शिकणाऱ्या ज्या मुलींना काही सांगायचे आहे त्यांनी नाव घालून किंवा न घालता या अंकाच्या पत्त्यावर लिहावे. पट्टीचे लिहा, कडीचे लिहा, शेवटच्या गाडीचे लिहा. पुढच्या रविवारी नव्या नाटकाची पहिली तालीम आहे. आजी येते म्हणाली आहे, तिला पेटीशेजारी बसायचे आहे. साडेनऊला संपणार असे पानावर लिहिले आहे. बघू.